गुऱ्हाळ कुणाचं?

*ताई,*

*मी कोल्हापूरची, वय ३७. जी. डी. आर्ट केलं, आता एका शाळेत चित्रकला शिकवते. कॉलेजपासूनचा आमचा चौघांचा गट आहे. दर रविवारी सकाळी पंचगंगेचा घाट, रंकाळा, पावसाळ्यात पन्हाळा, असं ऑन द स्पॉट काम करायला जातो. तीन वर्षांपूर्वी मिळून एक खोली भाड्यानं घेतली. कॅनव्हास तिथंच असतात, काम तिथंच होतं.*

*गेली सहा-सात वर्षं मी गुऱ्हाळ रंगवतेय. माहेर करवीर तालुक्यातलं, त्यामुळं ते लहानपणापासून बघितलेलं. गटातला एक मित्र दोन हंगाम माझ्याबरोबर गुऱ्हाळावर आला. गेल्या हिवाळ्यात मुंबईला जहांगीर कलादालनात त्याचं एकल प्रदर्शन झालं. विषय गुऱ्हाळ. बरीच चित्रं विकली गेली. त्यातलं एक मोठं चित्र म्हणजे रस उकळायच्या काहिलीवर वाकलेला, गूळ करणारा गुळव्या, पाठमोरा, वाफेत अर्धा विरघळलेला. ती मांडणी माझ्या स्केचबुकातली आहे. स्केचबुक खोलीतच पडलेलं असतं, त्यानं माझ्यासमोर चाळलं होतं. कॅटलॉगमध्ये माझा उल्लेख नाही. डिस्प्लेला मीच गेले होते. सगळ्यांसमोर “मस्त झालंय” म्हणाले आणि रात्रीच्या गाडीनं परत आले.*

*त्यानंतर एकही कॅनव्हास हातात घेतला नाही. आता गुऱ्हाळ काढलं तर लोक म्हणतील, त्याचं बघून काढलं. नवरा म्हणतो, असले मित्र काय कामाचे, खोली सोड. पण आई दवाखान्यात होती तेव्हा ह्याच मित्रानं माझ्या शाळेच्या गॅदरिंगचा अख्खा पडदा रात्र-रात्र जागून रंगवला, एक पैसा घेतला नाही. खोलीच्या भाड्यातला त्याचा चार महिन्यांचा वाटा मी भरलाय, तो मागायचा राहिलाय. आता पुण्यातल्या प्रदर्शनासाठी तो निमंत्रणपत्रिकेवरचा मजकूर माझ्याकडं मागतोय. मी जळतेय का? की माझं खरंच काही गेलंय? काय करू?*

*– गुऱ्हाळवाली*

प्रिय गुऱ्हाळवाली,

दोन्ही. जळताय पण, आणि गेलंय पण. या दोन गोष्टी एकाच भांड्यात शिजत राहिल्यामुळे तुम्हाला कुठलीच नीट दिसत नाहीये. जळण्याचं मी आत्ताच बाजूला ठेवते. बरोबरीच्या माणसाची चित्रं भिंतीवरून विकली जात असताना पोटात काहीच झालं नाही, असं सांगणारा चित्रकार मला अजून भेटायचाय. त्याबद्दल स्वतःला कोर्टात उभं करू नका.

आता तुमचं काय गेलंय ते बघू. गुऱ्हाळ हा विषय गेलेला नाही, कारण तो तुमचा नव्हता. हे ऐकायला कडू लागेल. सात वर्षं त्या धुरात बसलात म्हणून चुलवाण तुमच्या नावावर होत नाही. कोल्हापुरात गुऱ्हाळ न बघितलेला चित्रकार सापडणं कठीण, आणि उद्या आणखी दोघांनी ते काढलं तर त्यांनाही तुम्ही अडवू शकणार नाही. १९५७चा कॉपीराइट कायदाही हेच धरून चालतो: विषयाला, कल्पनेला संरक्षण नाही, प्रत्यक्ष रेखाटलेल्या कामाला आहे. (वकील गाठा असं मी म्हणत नाहीये. चार जण आणि एक किल्ली असलेल्या खोलीतली भांडणं कोर्टात सुटत नाहीत.)

एका विषयावर दोन मित्रांनी काम केलं म्हणजे एकाचं दुसऱ्यानं घेतलं, असंही होत नाही. १९६०च्या सुमाराला रामकुमार आणि हुसेन हे दोन चित्रकार बरोबर बनारसला गेले. घाट तेच, गल्ल्या त्याच, नदी तीच. त्याआधी रामकुमारांच्या चित्रांत शहरातली उदास, हरलेली माणसं असायची. बनारसनंतर त्यांच्या कॅनव्हासवरून माणसंच निघून गेली. उरली ती एकमेकांवर रेललेली घरं, पाणी, चिखलाचे रंग. हुसेननी मात्र माणसं काही सोडली नाहीत. बनारस कुणाचं, हा प्रश्न दोघांपैकी कुणाला पडल्याचं ऐकिवात नाही. तुमच्या मित्राची बाकीची चित्रं जर अशी असतील, म्हणजे विषय तोच पण बघणं त्याचं, तर त्यांच्याबद्दल तुमची काही तक्रार असू नये. असली तर ती गिळा.

पण ते एक चित्र वेगळं. तिथं मी पूर्णपणे तुमच्या बाजूनं आहे.

गुऱ्हाळ म्हटल्यावर बहुतेक जण काय काढतात? चुलवाणाच्या तोंडाशी धगधगणारा जाळ, चिपाडाचे ढीग, उसाची गाडी, फार तर गुळाच्या ढेपा. बघणाऱ्याला लगेच ओळख पटते आणि नारिंगी रंग हाताशी असतोच. गुळव्याच्या मागं जाऊन उभं राहायचं, त्याचा चेहरा दाखवायचाच नाही, जाळ चित्राबाहेर ठेवायचा आणि काहिलीतून उठणाऱ्या वाफेत त्याचे खांदे पुसट करत न्यायचे, हे आपोआप सुचत नाही. त्याच्यामागं किती सकाळी किती अंगांनी बसून बघणं आहे, कितीतरी फसलेली पानं आहेत. मांडणी म्हणजे कुठं उभं राहायचं याचा निर्णय. तो निर्णय तुमचा होता आणि तो आयता उचलला गेलाय. दुखतंय ते तिथं, आणि ते दुखणं खरं आहे.

तरी “चोर” म्हणायची घाई करू नका. तिघं-चौघं एका खोलीत काम करतात तेव्हा डोळ्यांची सरमिसळ होतेच. शेजारच्या इझलवरचा राखाडी रंग चार दिवसांनी आपल्या पॅलेटवर येतो आणि तो कुठून आला हे आपल्याला कळतही नाही. तुमच्याही चित्रांत त्याचं काही आलेलं असेल, जरा शोधा. त्यानं ते पान डोक्यात ठेवून मुद्दाम काढलं, की ते डोक्यात राहून गेलं आणि हातातून उतरलं, हे मला इथं बसून सांगता येणार नाही. तुम्हालाही घरात बसून ठरवता येणार नाही. विचारावं लागेल.

या बाबतीत मला नेहमी फ्रान्समधल्या आर्ल गावची चित्रकारांची जोडी आठवते. व्हॅन गॉग आणि गोगँ, १८८८ चा ऑक्टोबर ते डिसेंबर, दोघं मिळून राहिले ते पिवळं घर. शेवट कसा झाला ते सगळ्यांना माहीत आहे, व्हॅन गॉगनं स्वतःचा कान कापल्याची गोष्ट शाळेतली पोरंसुद्धा सांगतात. मधले नऊ आठवडे मात्र कुणी फारसे बघत नाही. गोगँनं वीस मीटर जाड तागाचं कापड आणलं आणि दोघंही त्याच तागावर रंगवू लागले. गावातल्या एका कॅफेच्या मालकीणबाई, मादाम जिनू, दोघांसमोर एकाच वेळी बसल्या. व्हॅन गॉगनं झपाट्यानं रंगात काढलं: मागं सपाट पिवळा रंग, टेबलावर कोपर टेकलेली एकटी बाई. गोगँनं आधी कोळशानं रेखाटन केलं आणि मग त्याच बाईला तिच्या कॅफेत नेऊन बसवलं, मागं बिलियर्डचं टेबल, धूर, पिणारी माणसं. तो कॅफे व्हॅन गॉगनं गोगँ यायच्या आधीच, सप्टेंबरात, रंगवलेला होता! म्हणजे विषयाची देवाणघेवाण म्हणाल तर ती तिथं राजरोस चालली होती.

पण पुढचं ऐका. भांडण होऊन, कान जाऊन, व्हॅन गॉग सेंट-रेमीच्या दवाखान्यात असताना, १८९० मध्ये, त्यानं गोगँचं ते कोळशाचं रेखाटन समोर ठेवून मादाम जिनूची पुन्हा अनेक चित्रं केली. सरळ सरळ दुसऱ्याच्या मांडणीवरून. आणि गोगँला लिहायला घेतलेल्या पत्रात त्यानं स्पष्ट म्हटलं की हे काम तुझं आणि माझं, दोघांचं समज. ज्या मित्रापायी एवढा अनर्थ झाला, त्याच्या रेषेचं देणं त्यानं मान्य केलं.

तुम्हाला तुमच्या मित्राकडून हेच हवंय ना? चित्र परत नकोय, पैसे नकोत, विषयाचा सातबारा नकोय. “हे तुझ्या स्केचवरून सुचलं” एवढं एक वाक्य हवंय. मग ते मागा.

कसं मागायचं तेही सांगते, कारण हे चुकीच्या ठिकाणी मागितलं तर सगळंच बिनसेल. रविवारी घाटावर चौघांत नको. व्हॉट्सॲपवर अजिबात नको. गटातल्या तिसऱ्याच्या कानावर घालून त्याच्याकरवी निरोप पाठवणं तर मुळीच नको, त्याचं तीन दिवसांत असं गुऱ्हाळ होईल की काहील उतरवता येणार नाही. खोलीवर, दोघंच असताना, ते पान उघडून टेबलावर ठेवा आणि विचारा: “तुझ्या त्या मोठ्या चित्राची मांडणी कुठून आली रे?” एवढंच. प्रश्न विचारून गप्प बसा. त्याच्या वतीनं उत्तर देऊ नका, “म्हणजे मला काही म्हणायचं नाही, पण…” अशी शेपूट जोडू नका. आपल्याकडच्या बायकांना ही शेपटाची फार सवय असते.

तो पटकन म्हणाला, “अगं, तुझ्याच पानावरून की, मला वाटलं तुला माहितीय,” तर तिथल्या तिथं सांगा की मला माहीत होतं पण बघणाऱ्यांना नव्हतं, आणि पुण्याच्या कॅटलॉगमध्ये त्या चित्राखाली एक ओळ यायला हवी. मित्र असेल तर घालेल. खजील होऊन “मला खरंच लक्षात आलं नाही” म्हणाला तरी मागणी तीच, फक्त आवाज मऊ. “गुऱ्हाळ काय सगळेच काढतात” असं म्हणाला, तर समजा की त्याला प्रश्न कळलाय आणि उत्तर द्यायचं नाहीये. मग रविवारची सोबत ठेवायची तर ठेवा, पण स्केचबुक रोज घरी न्या.

यात तुमचाही एक वाटा आहे, तो सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. तुम्ही “मस्त झालंय” म्हणालात. उद्घाटनाच्या दिवशी, पाहुण्यांसमोर, दुसरं काय म्हणणार, हे मला कळतं. पण त्या दिवसानंतर तुम्ही महिनोन्‌महिने त्याच खोलीत चहा पीत राहिलात आणि तेच म्हणत राहिलात. आपल्याकडं चित्रकारांत एक विचित्र रीत पडलीय: चित्रासमोर “वा, वा” आणि चित्रकार वळला की पाठीमागं खरं मत. तुमच्या गटात सुरुवातीला असं नसणार. वीस वर्षांपूर्वी घाटावर ओल्या कागदाकडं बघून “आकाश मेलंय तुझं, परत धू” असं कुणीतरी म्हणायचं आणि ऐकणारा शिवी देऊन परत धुवायचा. ते कधी थांबलं? माझा अंदाज असा की पहिलं चित्र विकलं गेलं तेव्हा.

आणि तुमच्या मिस्टरांच्या प्रश्नाचं उत्तरही इथंच आहे. असले मित्र कशाला हवेत? आकाश मेलंय हे सांगायला. ते घरचं माणूस सांगू शकत नाही. ते प्रेमानं “छान” म्हणतं आणि कुकरची शिट्टी मोजायला जातं. खांद्याची रेघ दोन बोटं खाली हवी होती हे ज्याला दिसतं आणि जो ते तोंडावर बोलतो, अशी माणसं अख्ख्या गावात दोन-तीनच असतात. शिवाय जो माणूस आपलं काम टाकून रात्री शाळेचा पडदा रंगवतो, त्याला एका चित्रावरून आयुष्यातून काढून टाकायला मी तरी सांगणार नाही.

पडद्यावरून आठवलं, तुमच्या गावानं चित्रकारांच्या मैत्रीचे दोन्ही रंग बघितलेत. आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे नात्यातले भाऊ, नाटक मंडळ्यांचे पडदे दोघांनी मिळून रंगवले, सिनेमाचा कॅमेरा बनवायचं वेडही दोघांचं. आनंदराव १९१६ मध्ये गेले आणि बाबूरावांनी आपले सहकारी दामले यांना हाताशी घेऊन तो कॅमेरा पुरा केला. पुढं त्याच दामले-फत्तेलाल-शांतारामांनी १९२९ मध्ये बाबूरावांची सिनेमा कंपनी सोडून ‘प्रभात’ची वेगळी चूल मांडली. त्या वेळी कोल्हापुरात काय काय बोललं गेलं असेल याची कल्पना करा. पण दामले आणि फत्तेलाल ही जोडी बाबूरावांकडं जुळली आणि पुढं शेवटपर्यंत टिकली. तेव्हा खोली सोडणं म्हणजे पाप नव्हे. फक्त ती फुगून सोडू नका. बोलून झाल्यावर, शांत डोक्यानं, मला स्वतःची जागा हवी असं वाटलं तर जरूर सोडा.

आता मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट. तुम्ही काम थांबवलंय. मित्रानं एक मांडणी नेली. अख्खा हंगाम मात्र तुमचा तुम्हीच घालवलात. “लोक म्हणतील त्याचं बघून काढलं.” कोण लोक? मुंबईत ज्यांनी चित्रं घेतली त्यांना तुम्ही माहीतच नाही, ते काहीही म्हणणार नाहीत. कोल्हापुरातल्या चित्रकारांना चांगलं ठाऊक आहे कोण किती वर्षं गुऱ्हाळावर जातंय. आणि गुऱ्हाळवाल्याला विचारा, तो सांगेल की बाई आधी आल्या, ते साहेब नंतर.

जरा उलटही विचारते, रागावू नका. सहा-सात वर्षांत तुम्ही ही चित्रं कुठं लावलीत? पत्रात एकाही प्रदर्शनाचा उल्लेख नाही. जहांगीरला तारीख मिळायला वर्षानुवर्षं थांबावं लागतं, म्हणजे तुमच्या मित्रानं गुऱ्हाळावर पाय ठेवायच्या आधीच तिथं अर्ज टाकलेला असणार. तुम्ही टाकलाय का? शाळा, घर, आईचं आजारपण, एलिमेंटरी-इंटरमिजिएटची पोरं, हे सगळं मला दिसतंय. आणि हेही दिसतंय की त्याच्या प्रदर्शनाला चित्रं टांगायला तुम्ही, खोलीचं भाडं तुमच्याकडून, आता मजकूरही तुम्हीच लिहायचा. गटात एक बाई असली की ती न कळत गटाची कारभारीण होते. चहाची भांडी विसळण्यापासून हे सुरू होतं. त्यातून थोडं अंग काढून घ्या, कुणी विचारलं तर “मला काम आहे” म्हणा आणि खरोखर काम करा.

म्हणजे काय? जहांगीरचा अर्ज या महिन्यात भरा, तारीख केव्हा का मिळेना. तोवर कोल्हापुरातच शाहू स्मारकचं दालन आहे, तिथं लावा. गुळाच्या गावात गुळाची चित्रं आधी गाववाल्यांनी बघितलेली बरी. बॉम्बे आर्ट सोसायटीचं वार्षिक आणि राज्य कला प्रदर्शन, दोन्हीकडं पाठवत राहा. स्केचबुकाच्या प्रत्येक पानावर तारीख आणि जागा घाला, जुन्या पानांवर आठवेल तेवढी आत्ता घाला, पण ती नंतर घातलीय असं कळेल अशा वेगळ्या पेनानं. दिवाळीच्या आसपास चुलवाणं पेटली की पहिल्या आठवड्यात एकट्या जा. गट नको, मित्र नको. आणि तो पाठमोरा गुळव्या पुन्हा काढा, मोठा. तुमच्या पानावर तो कसा बसलाय ते तुम्हाला माहीत आहे, तुमच्या मित्राला फक्त पान माहीत होतं. मादाम जिनू दोघांनी काढली तरी दोन बायका झाल्या. तुमचा गुळव्या त्याच्यासारखा झाला तर ती काळजीची गोष्ट, पण तसं होईल असं मला वाटत नाही.

भाड्याचं. ते चित्राच्या बोलण्यात मिसळू नका. त्याच बैठकीत “आणि माझे चार महिन्यांचे पैसे” आलं की स्केचबुकही हिशेबाची वही वाटायला लागेल आणि तो पैसे टाकून मोकळा होईल. पैशाचं दुसऱ्या दिवशी, फोनवर, कोरड्या आवाजात: एवढे महिने, एवढे रुपये, कधी देतोस. चित्रं विकली गेलीत, त्याला अडचण नसावी. पुढच्यासाठी चौघांची पद्धत ठरवा. आर्लमध्ये गोगँनं एका पेटीत पैसे ठेवले होते, भाड्याचे, तंबाखूचे, सटरफटर खर्चाचे. शेजारी कागद आणि पेन्सिल, ज्यानं जेवढे घेतले त्यानं तेवढे लिहायचे. तो हिशेब चोख होता म्हणतात. मैत्री त्यानं वाचली नाही ते सोडा, पण निदान पैशावरून तरी मोडली नाही. तुमच्याकडं यूपीआय आहे, महिन्याच्या पहिल्या तारखेला प्रत्येकानं आपापला वाटा थेट घरमालकाला पाठवावा. तुम्ही मध्ये नको.

राहिला निमंत्रणपत्रिकेचा मजकूर. स्केचबुक उघडून बोलणं होईपर्यंत एक ओळही लिहून देऊ नका, “वेळ नाही” सांगा. बोलणं नीट झालं आणि मनापासून वाटलं तर लिहा, त्याच्या चित्रांबद्दल तुमच्याइतकं जाणून कुणी लिहिणार नाही. लिहाल तेव्हा मात्र खाली तुमचं नाव छापायला सांगा, चित्रकार म्हणून.

– ताई